पटकीचा प्याला आणि आतड्यातले रहिवासी

वऱ्हाडातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीमायचं ठाणं दिसतं. पटकी म्हणजे तिचा कोप, अशी समजूत. पण एकाच विहिरीचं पाणी पिऊन एक दगावतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे कसं?

हाच प्रश्न 1892 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकॉफला पडला. त्याने पटकीचे जंतू चक्क पिऊन टाकले. काही झालं नाही. दुसराही प्यायला, तोही ठणठणीत. तिसरा मात्र मरता मरता वाचला. (आज हा प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे ठेवून बघा!) जंतू तेच, मग फरक कशाचा? मेचनिकॉफचं अनुमान असं, की आतड्यात आधीपासून राहणारे जिवाणू आलेल्या जंतूला कधी अडवतात, कधी हात देतात.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच संस्थेत, त्याचाच जुना विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन याने पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये तो भारतात आला. मुंबईची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. सुईची लस आतड्याला वळसा घालून जाते. त्यामुळे शिष्याचा रस्ता हमरस्ता झाला आणि गुरूचा प्रश्न मागे पडला.

तो परत आला तोंडावाटे द्यायच्या लसींमुळे. पोलिओचे थेंब आपल्या मुलांत कमी लागू पडतात, हे वेल्लोरच्या टी. जेकब जॉन यांनी 1970 च्या दशकातच दाखवलं होतं. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्यात तपासलेली रोटाव्हायरसची लस 2014 च्या निकालात गंभीर जुलाबांपासून साधारण 54 टक्के संरक्षण देताना दिसली. युरोपात अशा लसी 90 च्या आसपास जातात. कारणं बरीच आहेत, आईकडून आलेली प्रतिपिंडंही त्यात आली. पण एक संशय आतड्यावरच आहे. घाण पाण्यातून जंतू सतत पोटात गेले की आतड्याच्या आतल्या बारीक रसांकुरांची झीज होते, अस्तर सुजलेलं राहतं, अन्न नीट शोषलं जात नाही. एरवी चोथ्यावर जगणारे जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि ते दाह आवरणाऱ्या पेशी वाढवतं, हे 2013 मध्ये उंदरांत दिसलं.

मला इथे मेळघाट आठवतो. 1993 पासून तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या आपण वाचतोय आणि उपाय म्हणून आहारच पुढे येतो. मलावीतल्या कुपोषित जुळ्यांवरचा 2013 चा अभ्यास यासाठी वाचावा. शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट सुरू असेपर्यंत आतड्यातले जिवाणू सुधारत गेले. घरचं नेहमीचं जेवण सुरू झालं, तसे ते पुन्हा मागे सरकले.