मुरगावचा छापा आणि रुपेरी पडदा

पराक्रमाचे पोवाडे बहुधा विजयाच्या दुसऱ्याच दिवशी रचले जातात. मुरगाव बंदरातील एका छाप्याच्या वाट्याला मात्र पस्तीस वर्षांचे मौन आले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध भडकताच एरेनफेल्स, द्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स या जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगावचा आश्रय घेतला. गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली आणि पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे ब्रिटिशांना तेथे उघडपणे हात घालता येईना. एरेनफेल्सवरील गुप्त बिनतारी यंत्र मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना पुरविते, असा त्यांच्या हेरखात्यास संशय होता. तेव्हा लुईस प्यू या अधिकाऱ्याने कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या स्वयंसेवक पलटणींतील मूठभर गोरे गृहस्थ निवडले. एरवी कचेऱ्या सांभाळणारी, वयाने उतरणीला लागलेली ही मंडळी. कामगिरी गुप्त, पदकाची आशा नाही.

मार्च १९४३ मध्ये एका रात्री फीबी नावाच्या, गाळ वाहणाऱ्या संथ बोटीतून ते बंदरात शिरले. चकमकीत एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला. छापा घालणारे सारे सुखरूप परतले. पण जहाज बुडविले ते जर्मन खलाशांनीच, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून! ज्वाळा पाहून शेजारच्या जहाजांनीही तोच मार्ग पत्करला.

१९७८ साली जेम्स लीसर यांच्या पुस्तकाने हे मौन मोडले आणि १९८० मध्ये ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांच्यासारखे नट आणि गोव्याचाच किनारा; प्रौढांच्या या धाडसाला चित्रपटाने हेरगिरीची व प्रणयाची जोड दिली. मनोरंजनाच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नाही.

परंतु ज्यांच्या किनाऱ्यावर हे घडले, त्यांचे काय? स्वातंत्र्यासाठी लढतो असे म्हणणाऱ्या ब्रिटिशांनी ‘छोडो भारत’ची हाक देणारे नेते तेव्हा तुरुंगात डांबले होते, आणि गोमंतकीय जनता दुसऱ्याच साम्राज्याच्या टाचेखाली होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याचा पुकारा केला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्या लढ्यात कित्येकांनी तुरुंगवास भोगला, कित्येकांनी प्राण वेचले. मुरगावच्या छाप्याला उशिरा का होईना पडदा लाभला. चित्रपटातील शूरांना दाद द्यावीच. पण त्याच किनाऱ्यावरच्या या दुसऱ्या शौर्याचा विसर पडू देऊ नये.