पेटी : लाकूड, ॲल्युमिनियम आणि हात



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मयावर किंवा होळकरकालीन कागदपत्रांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र आज पेटीवर बोलणार आहे. निमित्त अगदी घरगुती आहे. गेल्या वर्षी माझ्या नातवाने आपल्या संगणकासाठी सागवान आणि ॲल्युमिनियम यांची पेटी स्वतःच्या हातांनी तयार केली. बाजारात तयार पेट्या मिळतात. दुकानदार त्यांना 'कॅबिनेट' म्हणतात. मग हा खटाटोप कशासाठी, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "आजोबा, आतले सगळे भाग परक्याचेच आहेत. निदान घर तरी माझे असू दे." हे उत्तर माझ्या मनात घर करून बसले, आणि त्याचा माग काढताना मला एक लहानसा इतिहास दिसू लागला. तो आपणांपुढे मांडतो.

'पेटी' हा शब्द संस्कृतातील 'पेटिका'शी नाते सांगतो. दागिन्यांची पेटी, औषधांची पेटी, टपालपेटी, मतपेटी अशी त्याची प्रजा मोठी आहे. परंतु मराठी माणूस नुसते 'पेटी' म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात बहुधा सूर उमटतात. एका परदेशी वाद्याला आपण त्याच्या खोक्याचे नाव दिले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. हार्मोनियम हे वाद्य १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबें यांनी सिद्ध केले. ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवायचे. आपली बैठक जमिनीवरची. १८७५च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूला आणला आणि तो हाताने चालण्याची सोय केली. सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या पुढेही दीर्घकाळ युरोपातून येत राहिल्या. पेटी मात्र इथल्या सुताराने इथल्या बैठकीसाठी घडवली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी त्या पेटीला मराठी संगीतात जे स्थान मिळवून दिले, ते आपण जाणताच. यंत्राचा गाभा परका असला, तरी त्याला बसण्याची रीत आपण शिकवू शकतो, हा पेटीने दिलेला पहिला धडा होय.

आता आपल्या इंदूरकडे वळू. या शहराने लाकूड आणि धातू यांचे दोन निराळे अध्याय पाहिले आहेत. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. या वास्तूला १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीन वेळा आग लागली. दगडाला भार द्यावा, लाकडाला उंची द्यावी, हा त्या बांधणीतला विवेक. आणि लाकडाला अग्नीचे भय असते, हा त्या इतिहासातला इशारा.

दुसरा अध्याय माणिकबागेचा. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराकडून १९३०नंतरच्या दोन-तीन वर्षांत हा प्रासाद उभा करवून घेतला. मुथेसियस तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. रुहलमान यांनी एबनी लाकडात घडवलेले मेज, आयलीन ग्रे यांची लाकूड, धातू व चामडे यांची आरामखुर्ची, सोन्यो व आलिक्स यांनी रचलेले धातूचे आणि काचेचे पलंग अशा वस्तू युरोपातून इथे आल्या. आधुनिक अभिरुचीचे असे उदाहरण त्या काळी जगातही विरळा होते. पण त्या वस्तू तयार होऊन आल्या आणि तयार वस्तू जशा येतात तशाच जातात. १९८० साली मोनॅकोमध्ये त्यांतील बहुमोल सामानाचा लिलाव झाला, आणि वास्तूत पुढे केंद्र सरकारच्या अबकारी खात्याच्या फायली नांदल्या. मी महाराजांच्या रसिकतेला दोष देत नाही. एवढेच म्हणतो, की विकत घेतलेली वस्तू लिलावात जाऊ शकते. हाताला आलेली विद्या लिलावात काढता येत नाही.

ॲल्युमिनियमची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांस नकळत, विजेच्या साह्याने हा धातू वेगळा करण्याची रीत शोधली. तोवर तो श्रीमंतांच्या मिरवण्याची चीज होता. नंतर तो गरिबाच्या चुलीवर आला. आपल्या देशात मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८च्या सुमारास त्याची भांडी घडवण्यास प्रारंभ केला. आमच्या आजीच्या तोंडी या भांड्यांना 'जर्मनची भांडी' असे नाव होते. 'जर्मन सिल्व्हर' नावाच्या निराळ्याच मिश्रधातूचे नाव या हलक्या धातूला चिकटले. माणिकबागेतील धातू खरोखरच युरोपातून आला होता. आजीचे 'जर्मन'चे पातेले मात्र देशीच असावे. पुढे १९७५ साली, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या कोरब्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियम तयार होऊ लागले. होशंगाबाद-बैतूलच्या जंगलातील सागवानाची ख्याती तर जुनीच. म्हणजे पेटीची दोन्ही द्रव्ये आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपली होती. वाण होती ती हातांची.

आता संगणकाच्या पेटीकडे येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्याचे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंनी केले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, आणि त्यांना सामावणारा पोलादी सांगाडा अठरा फूट लांब व आठ फूट उंच होता. दोन्ही बाजूंना दारे होती, कारण बिघाड शोधण्यासाठी आत हात घालावा लागे. ही दारे मला फार महत्त्वाची वाटतात. ज्यांनी यंत्र घडवले, त्यांनी पेटीला दार ठेवले. पुढे यंत्रे लहान झाली, विकत मिळू लागली, आणि 'आत हात घालू नये' अशा चिठ्ठ्या त्यांच्यावर दिसू लागल्या.

लाकडाचा संगणकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. १९६४ साली अमेरिकेत एंगेलबार्ट आणि इंग्लिश यांनी जो पहिला 'माऊस' तयार केला, त्याचे अंग लाकडी होते. १९७६ साली ॲपल कंपनीचा पहिला संगणक बाजारात आला तो उघड्या पाटीच्या रूपात. त्याला पेटीच नव्हती. ज्याने घेतला त्याने आपल्या कुवतीप्रमाणे पेटी केली, आणि त्यांतल्या काही लाकडी पेट्या आज संग्रहालयांत मानाने ठेवलेल्या आहेत. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' हे प्रमाण जाहीर केले. मुख्य पाटी ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद, स्क्रूची भोके अमुक जागी, तारांची तोंडे अमुक बाजूला, असे ठरून गेले. वरवर रुक्ष दिसणाऱ्या या नियमाने फार मोठे काम केले. माप सर्वांना ठाऊक झाले की इंदुरातल्या एखाद्या गल्लीतला सुतारही पेटी करू शकतो. छंदाच्या नियमामुळे जसे कोणालाही ओवी रचता येते, तसेच हे आहे.

नातवाने आतले भाग जेल रोडवरून आणले. लाकूड आमच्या जुन्या घराच्या दाराचे होते. घर पाडले तेव्हा त्याच्या फळ्या मी माळ्यावर ठेवून दिल्या होत्या. दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याने कापून आणला आणि त्याच्या कडा कानशीने घासल्या. शेजारच्या वृद्ध मिस्त्रींनी त्याला रंधा धरायला शिकवले. रचना अशी होती : मुख्य पाटी पितळी टेकूंवर, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जोडलेली; पत्र्याला विजेची अर्थिंग; बाहेरून सागवानाच्या दोन बाजू; पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन पंखे; पुढच्या पंख्याला धुळीची जाळी. संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सारी अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि विद्युत्‌लहरींनाही आवर घालते. लाकूड यांतले काहीच करीत नाही; ते पंख्यांची घरघर थोडी शोषते आणि हाताला आपले वाटते. म्हणून धातू आत आणि लाकूड बाहेर, असा हा संसार.

पहिली पेटी फसली. उन्हाळ्यात त्याने फळ्या पत्र्याला घट्ट आवळल्या, आणि श्रावणात एका फळीला स्क्रूपासून उभी चीर गेली. धातू उष्णतेने सर्व दिशांना किंचित वाढतो. लाकूड मात्र ओलाव्याने फुगते, तेही रेषांच्या आडव्या दिशेला. वीतभर रुंदीची सागवानी फळी पावसाळ्यात एखाददुसऱ्या मिलिमीटरने वाढू शकते. हे पुस्तकात आहे. नातवाने ते वाचलेही होते. मिस्त्रींनी चिरेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, लाकडाला जागा ठेवावी लागते. नाही ठेवली, तर ते आपली जागा करून घेते." दुसऱ्या खेपेस पत्र्यातील भोके गोल न ठेवता लांबट केली, म्हणजे फळीला सरकायला वाव राहिला. दारातून राहिलेल्या शेवटच्या फळीवर हे काम झाले. यंदाचा पावसाळा त्या पेटीने निर्वेध काढला.

मित्रहो, आता थोडे माझ्याविषयी. मी आठवीत असताना आमच्या शाळेत सुतारकामाचा तास होता. मला पहिल्या परीक्षेत चांगले गुण मिळाले, तेव्हा वर्गशिक्षकांनी मला त्या तासावरून उठवून संस्कृतच्या जादा तासाला बसवले. "हुशार मुलाने रंधा कशाला धरायचा?" असे ते मायेने म्हणाले. संस्कृतने मला सर्व काही दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्या दिवशी माझ्या मनात हुशारी आणि हात यांची जी फारकत झाली, ती साठ वर्षे टिकली. वर्गातले जे विद्यार्थी सुतारकामाच्या तासाला राहिले, त्यांच्याविषयी मी नकळत जे मत करून घेतले, त्याची आज मला लाज वाटते. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवावा, असे मांडले. आम्ही त्या विचाराची जयंती केली आणि त्याची हत्यारे कुलपात ठेवली.

नातू पटाशी चालवीत होता तेव्हा मी बाजूला बसून होतो. मिस्त्रींनी माझ्या हातात रंधा दिला. माझा पहिला हात अडकला, दुसराही अडकला. तिसऱ्या हाताला सागवानाची एक पातळ, अखंड साल निघाली. आठवीतला वास आला. ती साल माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी संस्थाचालकांना एकच विनंती करतो. संगणककक्ष अवश्य असावा. त्याच्या शेजारी एक सुतारी बाकही असावे. दोन रंधे, चार पटाश्या, एक करवत, एक गुण्या आणि थोडा ॲल्युमिनियमचा पत्रा, एवढ्याने प्रारंभ होईल. आणि त्या बाकावर हुशार मुलांना अगोदर बसवावे.