प्रवासाचा भार कोणी वाहायचा? मराठी कुटुंबाची यात्रा आणि सहल

कुटुंबाने प्रवासाची सर्व व्यवस्था स्वतः करावी की ती सहल कंपनीवर सोपवावी, हा प्रश्न आजच्या मध्यमवर्गीय घरात बहुधा खर्च आणि आवड यांच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु मराठी कुटुंबांच्या प्रवासाचा इतिहास पाहता या निवडीमागे आवडीपेक्षा जोखमीचा विचार अधिक प्रबळ राहिल्याचे दिसते. वाटेतील सुरक्षितता, मुक्कामाची जागा, जेवण, तिकीट आणि पैसा यांपैकी जी गोष्ट ज्या काळी सर्वांत अनिश्चित होती, तिचा भार वाहणारा मध्यस्थ त्या त्या काळी उभा राहिला, आणि ती अनिश्चितता ओसरली की त्याची गरजही ओसरली किंवा तिचे स्वरूप तरी बदलले.

अठराव्या शतकात सर्वांत मोठी जोखीम वाटेचीच होती. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांची मिळून होणारी त्रिस्थळी यात्रा महाराष्ट्रातून करायची तर कित्येक महिन्यांचा प्रवास, अनेक राजवटींच्या हद्दी आणि चोरवाटा पार कराव्या लागत, त्यामुळे एकट्यादुकट्या कुटुंबाने निघणे जवळजवळ अशक्य होते. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये उत्तरेच्या यात्रेस निघाल्या तेव्हा मराठ्यांच्या राजकीय वजनामुळे राजपूत दरबारांनी त्यांचा सत्कार केला; सामान्य कुटुंबाला मात्र असे वजन नसल्याने ते एखाद्या मोठ्या मेळ्याचा किंवा लष्कराचा आश्रय शोधत असे. 1761 च्या पानिपतच्या मोहिमेत सैन्याबरोबर यात्रेकरूंचा मोठा जमाव होता, तो याच कारणाने. रोकड जवळ बाळगणे धोक्याचे असल्यामुळे सधन यात्रेकरू हुंडी घेऊन निघत; हुंडी म्हणजे एका गावच्या सावकाराकडे पैसे भरून दुसऱ्या गावच्या पेढीवर ते वटवून घेण्याचा लेखी आदेश. सोबत मिळाली तरी वाट निर्धोक होतेच असे नाही, हे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तान्तावरून कळते. 1857 मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघालेले हे गृहस्थ बंडाच्या धामधुमीत सापडले आणि लुटलेही गेले.

वाटेवर समूहाचा आधार घेणारे हे कुटुंब क्षेत्री पोहोचल्यावर तीर्थोपाध्यायाच्या हाती जाई. तीर्थोपाध्याय म्हणजे विशिष्ट घराण्यांची किंवा गावांची यजमानकी वंशपरंपरेने सांभाळणारा पुरोहित. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा ठिकाणी या घराण्यांच्या वह्या असत; आलेल्या यजमानाचे नाव, गाव, पूर्वजांची आणि सोबतच्या माणसांची नावे त्यांत नोंदवली जात, आणि पुढच्या पिढीतील माणूस आला की आडनाव व मूळ गाव यांवरून त्याची वही काढली जाई. हा उपाध्याय केवळ विधी करीत नसे. यात्रेकरूंना आपल्या घरी किंवा वाड्यात उतरवून घेणे, जेवणाची सोय करणे, देवळे दाखवणे ही सारी कामे त्याच्याकडे असत. त्याची निवड दर पाहून होत नसे, कारण ती पूर्वजांनीच केलेली असे, आणि दक्षिणेवरून घासाघीस होत असली तरी उपाध्याय बदलण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे.

याच काळात महाराष्ट्रात सामूहिक प्रवासाची एक अत्यंत शिस्तबद्ध पद्धत विकसित झाली, ती वारीची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदी ते पंढरपूर या पालखी सोहळ्याला आज ओळखले जाणारे स्वरूप दिले, आणि त्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे व तंबू मिळू लागले. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रम, ठरलेले मुक्काम, चोपदारांची शिस्त आणि दिंडीत सामील होणाऱ्याने खर्चासाठी द्यावयाची ठरावीक रक्कम, जिला भिशी म्हणतात, या सर्वांमुळे वारकऱ्याला जेवण, सामान आणि निवारा यांची विवंचना उरली नाही. माणशी रक्कम घेऊन ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या दिवशी समूहाला नेऊन पोहोचवणे ही आधुनिक सहल कंपनीची मूळ रचना आहे, आणि नफ्याचा हेतू वगळला तर ती मराठी समाजाच्या परिचयाची होती.

रेल्वेने वाटेची जोखीम संपवली आणि कुटुंबाला प्रथमच स्वतंत्रपणे निघता येऊ लागले. यात्रेकरूंवरचा एक भार त्याआधीच उतरला होता: प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथील सरकारी यात्राकर 1840 मध्ये रद्द झाला होता. 1863 मध्ये भोर घाटातून गाडी धावू लागली आणि 1870 मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जोडला गेला, तेव्हा महिन्यांची काशीयात्रा दिवसांवर आली. ज्या टॉमस कुकने 1841 मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत माणशी एक शिलिंग घेऊन मद्यपानविरोधी चळवळीतील सुमारे पाचशे लोकांना आगगाडीने नेले होते, त्याच्या कंपनीने 1880 च्या दशकाच्या आरंभी मुंबईत कचेरी उघडली, आणि 1886 मध्ये सरकारने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे कामही तिच्याकडे सोपवले. देशांतर्गत यात्रेला निघालेले मराठी कुटुंब मात्र तिकीट स्वतः काढी, धर्मशाळेत उतरे, शिधा आणि स्टोव्ह बरोबर नेई आणि क्षेत्री पोहोचल्यावर उपाध्यायालाच शोधी. अनेक ठिकाणी उतरत जाणाऱ्यांसाठी रेल्वेने वर्तुळाकार प्रवासाचे सवलतीचे तिकीटही उपलब्ध केले. या स्वतंत्र प्रवासात एक भार तेवढा घरातच राहिला, तो स्वयंपाकाचा. पुरुष देवदर्शनाला निघत तेव्हा स्त्रिया धर्मशाळेच्या ओसरीवर चूल किंवा स्टोव्ह पेटवीत असत.

यात्रा कंपन्यांचे यश या ठिकाणी समजून घ्यावे लागते. आचारी, वाढपी, भांडीकुंडी आणि शिधा बरोबर घेऊन, रेल्वेचा राखीव डबा किंवा खासगी बस ठरवून चारधाम, अष्टविनायक किंवा दक्षिण भारत घडवणाऱ्या या कंपन्यांनी विकली ती मुख्यतः स्वयंपाकातून सुटका आणि परमुलखात घरच्या चवीच्या जेवणाची हमी. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत, म्हणजे चार वर्षांच्या गटात सहकुटुंब प्रवासाच्या भाड्याची भरपाई, मिळू लागली आणि बँकांतही अशीच सोय झाली, तेव्हा तीर्थयात्रेबरोबरच काश्मीर, उटी, राजस्थान या स्थळांकडे नोकरदार कुटुंबे वळली. सवलत भाड्यापुरतीच होती. राहणे, खाणे आणि विशेषतः परतीचे आरक्षण यांची अडचण कायम होती, कारण आरक्षणाचे संगणकीकरण 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुरूच झाले नव्हते आणि दूरच्या स्थानकावरून निघणाऱ्या गाडीत मे महिन्याच्या सुट्टीत चार जागा मिळवणे हे अनिश्चित काम होते.

अशा परिस्थितीत केसरी पाटील यांनी 1984 मध्ये मुंबईत केसरी टूर्स सुरू केली. या पिढीच्या कंपन्यांनी यात्रेकरूचा पर्यटक केला आणि टूर मॅनेजर नावाची व्यक्ती मराठी कुटुंबाच्या प्रवासात आणली. हा सहलप्रमुख वाट दाखवी, हिशेब पाही, वयोवृद्धांना सांभाळी आणि गाडीत गाण्याच्या भेंड्याही घेई. परदेश प्रवासात त्याची गरज आणखी तीव्र होती, कारण परकीय चलनावर कडक नियंत्रण होते, व्हिसाच्या कागदपत्रांची सवय नव्हती आणि शाकाहारी जेवण मिळेल याची खात्री नव्हती.

पुढील दोन दशकांत यांतील एकेक अडथळा दूर झाला. 2000 मध्ये लागू झालेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने आणि 2004 च्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेने पैसा बाहेर नेणे सोपे केले. 2002 मध्ये रेल्वेचे तिकीट घरबसल्या ऑनलाइन काढता येऊ लागले. मीना प्रभू यांच्यासारख्या लेखिकांनी स्वतः आखलेल्या परदेश प्रवासाचे तपशीलवार वर्णन मराठी वाचकांसमोर ठेवले. तरीही सहल कंपन्या मोडल्या नाहीत. 2013 मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड ही नवी कंपनी स्थापन केली, ती स्वतंत्र प्रवासाची साधने हाताशी आलेल्या काळात.

याचे कारण कुटुंबाच्या घडणीत आहे. माहिती आणि तिकीट स्वस्त झाले तरी सत्तरीच्या आजोबांचे गुडघे, लहान मुलांच्या जेवणाच्या वेळा आणि तीन पिढ्यांच्या वेगवेगळ्या गती यांचा मेळ घालण्याचे काम कोणत्याही संकेतस्थळाने कमी केले नाही. स्वतंत्र प्रवासात ते घरातील एखाद्या माणसाच्या, बहुधा कर्त्या स्त्रीच्या किंवा इंटरनेट हाताळणाऱ्या तरुणाच्या, अंगावर पडते आणि त्याची सुट्टी त्यातच संपते. उलट समूहसहलीत हा भार उतरतो, पण एका ठिकाणी अधिक थांबण्याचे किंवा एखादे स्थळ टाळण्याचे स्वातंत्र्य जाते. म्हणून दोन्ही दरपत्रकांची तुलना करणाऱ्या कुटुंबाने रकमांच्या शेजारी आणखी एक नोंद करायला हवी: वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात घरातील कोणता माणूस सहलभर व्यवस्थापक होणार आहे, आणि ते त्याला मान्य आहे का.