ताम्रपत्र आणि समुद्र

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी आरमाराच्या लांकडी जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्यांनीं मढविण्याची चाल पडली. लांकूड पोखरणाऱ्या किड्यांस त्यामुळें आळा बसला. परंतु खाऱ्या पाण्यांत खुद्द तांबेंच झिजूं लागलें. आरमार-खात्यानें रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला, आणि सोसायटीचे अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यांनीं तें काम हातीं घेतलें.

डेव्हींचें साहित्य साधें होतें: समुद्राचें पाणी, तांब्याचा सपाट पत्रा आणि त्यास जोडलेला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा. दोन धातूंमध्यें विद्युत्‌प्रवाह सुरू होई. जस्त स्वतः झिजे आणि तांब्यास राखी. असे पत्रे पोर्टस्मथच्या बंदरांत कित्येक आठवडे भरतीओहोटीच्या पाण्यांत ठेवण्यांत आले. रक्षक धातूचें क्षेत्र तांब्याच्या १/४० ते १/११० असेल, तर तांबें मुळींच झिजत नाहीं, असें आढळलें. तें १/२०० हून कमी झालें, कीं पत्र्याचें वजन घटे.

१८२४ सालीं हा उपाय जहाजांवर योजण्यांत आला. कोचीन येथें बांधलेल्या ‘समरंग’ जहाजास लोखंडाचे चार ठोकळे बसविले. तांबें खरोखरच वांचलें. पण अनेक जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपले यांचें रान माजलें व त्यांची गति मंदावली. पाण्यांत विरघळणारें तांबेंच या जीवांना विषासारखें दूर ठेवीत होतें. झीज थांबली, तसा तो पहाराहि उठला. १८२५ सालीं सागरगामी जहाजांवरील हे रक्षक काढून टाकण्याचा हुकूम सुटला. डेव्हींच्या वांट्यास उपहास आला.

तथापि तें तत्त्व खोटें नव्हतें. आज पोलादी जहाजें आणि जमिनींतील नळ याच रीतीनें राखले जातात. परीक्षेचें साधन मात्र बदललें. १९४२ सालीं हिकलिंग यांनीं धातूचें विद्युत्‌विभव स्थिर राखणारें ‘पोटेन्शिओस्टॅट’ हें यंत्र वर्णिलें. आतां सपाट नमुना पात्राच्या तोंडाशीं घट्ट दाबतात. रबरी कड्याच्या आंतील ठराविक क्षेत्रच द्रावास भिडतें. नमुना, संदर्भ-विद्युदग्र आणि प्रवाह वाहणारें तिसरें विद्युदग्र यांच्या योगें, आठवड्यांचें उत्तर कांहीं तासांत मिळूं शकतें.

परंतु यंत्र उत्तर देतें तें विचारलेल्या प्रश्नाचेंच. तांबें झिजेल काय, एवढेंच पत्र्यास विचारलें होतें. जहाज वेगानें चालेल काय, हें समुद्रानें सांगितलें.