अफूबंदीचा खर्च कोणी सोसायचा?

१/१२
जून १८९३. ब्रिटिश संसदेपुढे एक अवघड प्रश्न होता : हिंदुस्थानातील अफूचा व्यापार नीतीला धरून नाही म्हणून बंद करायचा ठरला, तर बुडणारा महसूल कोणाच्या तिजोरीतून भरून काढायचा? अमली पदार्थांच्या नियंत्रणाचा खर्च राष्ट्रांनी कसा वाटून घ्यावा, हा आजचा वाद त्या प्रश्नाचाच वारस आहे. आणि त्या प्रश्नाची एक वाट थेट मुंबई बंदरात येते.

२/१२
हिंदुस्थानी अफू दोन प्रकारची होती. बंगालची अफू सरकारी मक्तेदारीची. माळव्याची अफू मात्र संस्थानांत पिके, त्यात होळकर आणि शिंदे यांची मराठी संस्थाने प्रमुख. ती चीनला जाण्यासाठी मुंबईत येई आणि ब्रिटिश मुलखातून नेण्यासाठी दर पेटीमागे परवाना शुल्क द्यावे लागे. १८३० च्या सुमारास हे शुल्क १७५ रुपये होते.

३/१२
व्यापारी पोर्तुगीजांच्या दमणमार्गे माल नेऊन हे शुल्क चुकवीत, म्हणून १८३५ मध्ये ते १२५ रुपयांवर आणावे लागले. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, तशी दमणकडे जाणारी आडवाट बंद झाली. मग शुल्क चढतच गेले. १८४७ मध्ये ते ४०० रुपये झाले आणि १८६० नंतर ६०० रुपयांच्या घरात पोहोचले.

४/१२
या व्यापाराच्या लाभाचे वाटेकरी अनेक होते : सरकार, संस्थानिक, सावकार, जहाजमालक. जमशेदजी जीजीभाई यांच्या संपत्तीत चीनशी होणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्याच संपत्तीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि पुण्यातील मुळा-मुठेच्या बंधाऱ्यालाही देणगी मिळाली.

५/१२
सर्वांत मोठा वाटेकरी मात्र साम्राज्य होते. हिंदुस्थानातून दरवर्षी इंग्लंडकडे संपत्ती वाहते आणि ती तूट भरण्यासाठी चीनला अफू विकली जाते, असे दादाभाई नौरोजी यांचे विवेचन होते. म्हणजे अफूचा पैसा हिंदुस्थानच्या हिशेबात दिसे, पण त्याचा उपयोग लंडनपर्यंत होई.

६/१२
१८९१ मध्येच कॉमन्स सभागृहाने हा महसूल नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला होता. १८९३ मध्ये आयरिश सभासद आल्फ्रेड वेब यांनी पुढचे पाऊल टाकले. धोरण बदलण्याचा भार हिंदी जनतेवर पडू नये, आणि तूट आल्यास ब्रिटिश तिजोरीतून तात्पुरते साहाय्य किती लागेल याची चौकशी व्हावी, असा त्यांचा ठराव होता. हेच वेब १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

७/१२
पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ठरावाला उपसूचना मांडली, ती मान्य झाली आणि प्रश्नाची दिशाच पालटली. ब्रिटनच्या साहाय्याची चौकशी वगळली गेली. अफूबंदीचा खर्च पूर्णतः वा अंशतः सोसायला हिंदी लोक तयार आहेत काय, हे आयोगाने पाहावे, असे नवे कलम आले. ‘आपण किती द्यावे?’ या प्रश्नाची जागा ‘ते किती देतील?’ या प्रश्नाने घेतली.

८/१२
लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. मुंबईतही सुनावणी झाली. १८९५ च्या अहवालात बहुमताने निष्कर्ष निघाला : बंदीची गरज नाही आणि तिचा खर्च सोसण्याची हिंदी लोकांची तयारी नाही. सभासद हेन्री विल्सन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. ज्यांच्यावर भार टाकायचा त्यांनाच तयारी विचारली, आणि आलेला नकार यथास्थितीचे समर्थन ठरला.

९/१२
पुढे चीनशी करार होऊन १९०८ पासून तिथली निर्यात दरवर्षी एक-दशांशाने घटवण्याचे ठरले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०७ च्या अर्थसंकल्पीय भाषणात, चिनी लोकांच्या अधःपातातून येणाऱ्या या उत्पन्नाची आपल्याला नेहमीच लाज वाटत आली, असा भाव व्यक्त केला. महसूल बुडेल हे ठाऊक असूनही त्यांनी तो संपण्याचे स्वागत केले.

१०/१२
भरपाई मात्र लंडनहून आली नाही. १९१० च्या अर्थसंकल्पात अफूच्या महसुलातील संभाव्य घट हे एक कारण देऊन चांदी, तंबाखू, मद्य आणि खनिज तेल यांवरील कर वाढवण्यात आले. इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्यासारख्या खेड्यात ज्यांनी अफूची पेटी कधी पाहिली नव्हती, त्यांच्या दिव्याच्या तेलापर्यंत आणि लेकीसुनांच्या दागिन्यांपर्यंत हा भार पोहोचू शकत होता. गोखले यांचे म्हणणे वेगळे होते : आधी सरकारने आपला वाढता खर्च आवरावा. जानेवारी १९११ मध्ये त्यांनी त्या खर्चाच्या चौकशीचा ठराव मांडला.

११/१२
गंमत अशी की पुरवठा घटताच पेटीची किंमत भडकली आणि काही काळ महसूल उलट वाढला. १९१३ मध्ये चीनसाठीची विक्री थांबली, तेव्हा तो आधार सुटला. शांघायमध्ये उरलेल्या साठ्याचा मोठा भाग चीन सरकारने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन १९१९ च्या जानेवारीत जाळला. ज्या देशाचे नुकसान झाले, त्याच देशाला निर्मूलनाची किंमतही मोजावी लागली.

१२/१२
आज संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय प्रामुख्याने सदस्यराष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालते, आणि बऱ्याच देणग्या विशिष्ट कामांशी बांधलेल्या असतात. ‘सामायिक जबाबदारी’ हे तत्त्व आता जाहीरनाम्यांत आहे. पण ऐच्छिक देणगीत देणाराच रक्कमही ठरवतो आणि कामही. १८९३ मध्ये वेब यांनी भरपाईचा विषय दानाच्या नव्हे, न्यायाच्या भाषेत मांडला होता : ज्याने लाभ घेतला, त्याने भार उचलावा. ते कलम गळाले, आणि त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.