दोन मिनिटांची शिक्षा

५ नोव्हेंबर १९५५, शनिवारची रात्र. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, फोरम नावाच्या रिंकवर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि बॉस्टन ब्रुइन्स यांचा आइस हॉकीचा सामना चालू आहे. दुसऱ्या सत्रात बॉस्टनचे दोन खेळाडू शिक्षा होऊन पेनल्टी बॉक्समध्ये बसलेत. गोलकीपर सोडले तर बर्फावर मॉन्ट्रियलचे पाच आणि बॉस्टनचे तीन. गोलमध्ये टेरी सॉचक, त्या काळातला एक नंबरचा गोलकीपर. जाँ बेलिव्हो गोल मारतो. मग दुसरा. मग तिसरा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत फक्त ४४ सेकंद.

आणि या तीनही गोलांच्या वेळी बॉस्टन अपुऱ्या माणसांनिशीच खेळत होतं. तेव्हाचा नियमच तसा होता. दोन मिनिटांची शिक्षा म्हणजे पूर्ण दोन मिनिटं. तेवढ्या वेळात समोरच्यानं एक गोल मारला काय आणि चार मारले काय, बसलेला माणूस वेळ संपेपर्यंत उठायचा नाही. सामना मॉन्ट्रियलनं ४-२ असा जिंकला. चारही गोल बेलिव्होचे.

आपल्याला 'पॉवरप्ले' हा शब्द क्रिकेटमुळे माहीत. तिथे तो २००५ मध्ये आला, आणि तो कुणाच्या चुकीमुळे मिळत नाही. ठरलेल्या षटकांत क्षेत्ररक्षणावर बंधन, एवढंच. हॉकीतला पॉवरप्ले मात्र शिक्षेतून जन्मतो. कुणीतरी पाय अडकवला, स्टिकनं अडवलं, तो बाहेर. त्याचे सोबती एक माणूस कमी घेऊन लढणार. ही भावना समजायला कबड्डी जास्त जवळची. मैदानात तीनच बचावपटू उरलेत आणि तगडा चढाईवाला आत शिरतोय, तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो हॉकीत दोन मिनिटं टिकतो. त्या दोन मिनिटांत जास्त माणसांच्या बाजूनं खेळणारा गट आणि कमी माणसांनिशी तग धरणारा गट, या दोघांना मिळून 'स्पेशल टीम्स' म्हणतात.

१९५५-५६ चा मॉन्ट्रियलचा पॉवरप्ले बघा. मागे ब्लू लाइनवर डग हार्वी. हा माणूस घाई करायचाच नाही. पक स्टिकवर ठेवून समोरचा हलेपर्यंत थांबायचा. त्याच्या शेजारी खरं तर दुसरा बचावपटू असायचा, पण तिथे बर्नी जेफ्रियॉन या आक्रमकाला उभं केलेलं. त्याच्या फटक्याच्या आवाजावरून त्याचं नावच 'बूम बूम' पडलं होतं. पुढे बेलिव्हो आणि मॉरिस रिचर्ड. टो ब्लेकचं प्रशिक्षक म्हणून हे पहिलंच वर्ष. हा पॉवरप्ले म्हणजे नशिबानं मिळालेली संधी नव्हती, ती बसवलेली चाल होती. त्या मोसमात संघानं ७० पैकी ४५ सामने जिंकले, बेलिव्होनं ४७ गोल केले आणि स्टॅन्ली कपही मॉन्ट्रियललाच आला.

मग १९५६ च्या उन्हाळ्यात एनएचएलनं नियम बदलला. छोट्या शिक्षेत समोरच्या संघानं गोल केला, की बसलेला खेळाडू लगेच परत येणार. मॉन्ट्रियलचा अर्थातच विरोध होता. त्यांची तक्रार मला पटते: चूक समोरच्यानं करायची, आणि तिचा फायदा उठवायला आम्ही उत्तम शिकलो, तर दोष आमचा? पण तिघांच्या भिंतीसमोर ४४ सेकंदांत तीन गोल खाणाऱ्या सॉचकच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, की नियम बदलणाऱ्यांचंही पटतं. स्टिकनं अडवल्याची शिक्षा अख्खा सामना गमावणं असू नये. गंमत अशी की मॉन्ट्रियलचं काहीच बिघडलं नाही. पुढचे चारही स्टॅन्ली कप त्यांनीच नेले.

बदललं ते दुसऱ्या बाजूचं गणित. आता एक गोल खाल्ला तरी लगेच माणूस परत मिळणार होता. तग धरायला थोडी मदत आधीपासून होतीच: १९३७ मध्ये पक उगाच दुसऱ्या टोकाला ढकलण्यावर बंदी आली, तेव्हा कमी माणसांच्या संघाला तेवढी सूट दिली गेली. म्हणून जुना बचाव साधा. चौघांनी गोलसमोर चौकोन करायचा, पक हाती लागला की लांब फेकायचा, श्वास घ्यायचा.

१९८० च्या दशकात एडमंटन ऑयलर्सनी हा चौकोन मोडला. त्यांनी माणूस कमी असताना चक्क वेन ग्रेट्स्कीला मैदानात आणलं. पॉवरप्लेवाले आक्रमणात गुंग, मागे कुणी नाही. पक हिसकावला की समोर मोकळा बर्फ. १९८३-८४ च्या मोसमात या संघानं कमी माणसांनिशी ३६ गोल केले. दोन्हीकडचा एकेक खेळाडू बाहेर गेला आणि चार विरुद्ध चार झालं, की ते आणखीच सुटायचे. १९८५ मध्ये लीगनं ठरवलं की अशा वेळी दोन्ही संघांनी बदली खेळाडू आणून पाच-पाचच खेळायचं. लोकांनी त्याला 'ग्रेट्स्की नियम' म्हटलं. १९९२ मध्ये तो मागे घेतला. ऑयलर्सनी मधल्या काळात आणखी तीन कप जिंकले, तो भाग वेगळा.

नियमाच्या फटी शोधण्यात उस्ताद म्हणजे रॉजर नीलसन. ओंटारिओत पीटरबरोच्या तरुण पोरांचा संघ शिकवताना एकदा त्याचे दोन खेळाडू बाहेर होते, एका गोलची आघाडी होती आणि शेवटचा मिनिट चालू होता. बर्फावर तीनपेक्षा कमी माणसं करता येत नाहीत, नवी शिक्षा फक्त रांगेत लागते. त्यानं दर काही सेकंदांनी एक जादा माणूस आत पाठवला. खेळ थांबे, पुन्हा सुरू होई, समोरच्यांची लयच लागेना. आज शेवटच्या दोन मिनिटांत असं मुद्दाम केलं तर थेट पेनल्टी शॉट मिळतो. हाच नीलसन पुढे 'कॅप्टन व्हिडिओ' म्हणून ओळखला गेला, कारण सामन्यांच्या टेप लावून खेळाडूंना चुका दाखवणाऱ्या पहिल्या काही प्रशिक्षकांत तो होता.

टेपची गरज का पडली, ते सरावात कळतं. पॉवरप्लेचा सराव आधी समोर कुणी नसताना होतो: पाच जणांनी पक फिरवायचा, आपापली जागा अंगात मुरवायची. मग समोर चौघं उभे करतात. हे चौघं आपल्याच संघातले, बहुतेकदा ज्यांचं नाव पोस्टरवर नसतं असे. कधी त्यांना स्टिक उलटी धरायला लावतात, म्हणजे हात न चालवता पाय आणि अंग वापरून पासची वाट बंद करायला शिकतात. पण सराव इथे अडतो. साधारण १७० ग्रॅमचा कडक रबरी पक ताशी दीडशे किलोमीटरनं येत असताना त्याच्यासमोर आडवं पडणं सामन्यात करायचं असतं; मंगळवारच्या सरावात आपल्याच माणसाच्या फटक्यासमोर कोण पडेल? म्हणून सरावातला पॉवरप्ले नेहमी खऱ्यापेक्षा सोपा दिसतो. सामन्यात एनएचएलचे संघ साधारण पाच संधींत एकदा गोल करतात. उरलेल्या चार वेळा जिंकतात ते आडवे पडणारे, आणि त्यातल्या कित्येकांची संघातली जागा तेवढ्यावर टिकलेली असते.

चाल माहीत असूनही थांबवता न येणं, हा सरावाचा कळस. डावीकडच्या वर्तुळात उभा राहून येता पास सरळ मारणारा अलेक्झांडर ओव्हेच्किन सगळ्या लीगला पाठ होता. ६ एप्रिल २०२५ रोजी ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम त्यानं मोडला, तोही पॉवरप्लेवर, त्याच डाव्या बाजूनं.

पोरांसाठी अमेरिकेत वेगळा विचार झाला. २०१७-१८ पासून तिथल्या १४ वर्षांखालच्या गटांत कमी माणसांच्या संघाला पक लांब फेकण्याची सूट नाही. पक फेकून मोकळं होण्याऐवजी दडपणाखाली तो सांभाळून बाहेर काढायला शिका, असा हिशोब.

आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या लीगनं १९५६ चा नियम आरशात उलटा केला. तिथे कमी माणसांच्या संघानं गोल केला, तरी त्यांची खेळाडू लगेच सुटते. नियमाचं नावच 'जेलब्रेक'. आता पॉवरप्लेवाल्या पाच जणींना सरावात एक गोष्ट जास्त घोटावी लागते: पक सुटला, तर मागे आधी कोण पळणार.