खांड आणि तिवर

अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतं. मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. पिढ्यान्‌पिढ्या चिखल रचून खाडीकडून मिळवलेली ही जमीन आहे. बांध फुटला, आमच्याकडच्या भाषेत खांड पडली, की खारं पाणी आत येतं आणि त्याच्याबरोबर तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाचं, बी. काही वर्षांत भाताच्या खाचरात माणूस दिसेनासा होईल एवढं रान उभं राहतं. डोंगराकडच्या वरकस जमिनीत घाणेरी आणि रानमोडी माजते, तिचाही ताप असतोच. पण पहिल्या पावसानं माती मऊ झाली की घाणेरीचा खुंट खणून काढता येतो. तिवराशी अशी सरळ झुंज चालत नाही.

तिवराचं फळ झाडावर असतानाच त्याच्या आत कोंब तयार झालेला असतो. पावसाळ्यात फळं गळतात, उधाणाच्या पाण्यावर तरंगत येतात, चिखल लागला की साल सोडतात आणि लगेच मूळ धरतात. झाड मोठं झालं की त्याच्या मुळांतून श्वासासाठी बोटभर खुंट्या चिखलाबाहेर निघतात. अनवाणी चालणाऱ्याचे तळवे सोलून काढतात त्या. पानाला जीभ लावली तर मीठ लागतं, कारण शोषलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. आणि बुंध्यावर घाव घातला तर कडेनं नवे फुटवे येतात. कोयता घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी दुप्पट झाडोरा बघतो.

हे सगळं मला आजीकडून कळलं. ती आमच्या गावात सून म्हणून आली तेव्हा चरीचा संप चालू होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची परिषद भरली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. राबायचं कुळांनी आणि पीक जायचं खोताच्या कोठारात, हे आता चालणार नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले. संप १९३९ पर्यंत टिकला. या वर्षांत घरातली माणसं मोळ्या विकून, खाडीतले खेकडे-निवट्या धरून कशी जगली, ते आजी सांगायची. पण तिच्या बोलण्यात सर्वांत जास्त यायची ती ओसाड खाचरं. नांगर नाही, बांधावर पाय नाही. खेकड्यांची बिळं बुजवायला कोणी नाही, म्हणून बांध आतून पोखरला, खांडी पडल्या, आणि सखल खाचरांत तिवर डोक्यावर गेलं. ज्या जमिनीसाठी भांडण चाललं होतं तीच डोळ्यांदेखत रान होत होती, आणि तरीही कोणी मागं हटलं नाही. या माणसांचा मला फार अभिमान वाटतो.

संप मिटल्यावर माणसं शेतात परतली तेव्हा तरण्या पोरांनी कोयते काढले. आजीच्या सासऱ्यांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं आजी त्यांच्याच बोलीत सांगायची : "तिवर कोयत्यानं मरत नाय. पानी तोरा, मंग मरतं."

त्यांनी आधी खांडीला हात घातला. खांड उधाणात बांधता येत नाही. अमावास्या-पुनवेच्या मधल्या भांगाच्या दिवसांत भरतीचा जोर उतरतो, तेवढ्याच दिवसांत घरटी माणूस काढून काम उरकायचं. बांबूचे खुंट ठोकायचे, पेंढा भरायचा, आणि चिखलाची ढेपं हातोहात देत रांग लावायची. पुढचं उधाण येण्याआधी बांध वर यायलाच हवा, नाहीतर सगळं वाहून जातं. बायका रात्री कंदिलाच्या उजेडातही ढेपं देत होत्या.

बांध उभा राहिल्यावर उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, बंद ठेवून पावसाचं पाणी खाचरात कोंडलं. श्वासाच्या खुंट्या आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिल्या की तिवर गुदमरतं. पानं पिवळी पडून गळतात. मग ओहोटीला उघाडी उघडून ते पाणी सोडायचं, म्हणजे मातीतलं मीठही त्याच्याबरोबर जातं. पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं. वाळलेली झाडं चुलीला गेली, खुंट उन्हाळ्यात उकरले. पुढच्या पावसाळ्यात मोड आलेलं रात्याचं बी रहू करून चिखलात फेकलं, कारण खारट जमिनीत तेच भात तग धरतं. नवीन तिवराची रोपं दिसली की बायका आवणातल्या तणासारखी उपटायच्या. त्या अंगठ्याएवढ्या वयातच ते जमतं.

पुढे कूळकायदा आला, १९४८ मध्ये मुंबई प्रांताचा खारजमीन कायदा झाला, आणि बांधाची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. सरकारचा पैसा आला ते चांगलंच झालं. बांध सांभाळण्याचा खर्च गरीब गावाला झेपणारा नव्हता. पण त्याबरोबर भांगाच्या दिवसांत घराघरातून माणूस निघण्याची रीतही मोडली, हे मात्र फार वाईट झालं.

आता २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं कांदळवन तोडायला मनाई आहे, जमीन खाजगी असली तरी. २०१८ च्या निकालानं ती आणखी पक्की झाली. मी या मनाईच्या बाजूनं आहे. खाडीकाठचं तिवर लाटांचा मार झेलतं, म्हणून बांध टिकतो. कोळंबी आणि जिताड्याची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात. आजीचे सासरेही बांधाबाहेरच्या तिवराला हात लावू देत नसत. पण बांधाच्या आत, सातबाऱ्यावर भात लिहिलेल्या खाचरात जेव्हा तिवर उभं राहतं, तेव्हा शेतकऱ्याची जमीन त्याच्या नावावर राहूनही हातातून जाते. यात झाडाचा दोष नाही आणि कायद्याचाही नाही. खांड पडली त्या आठवड्यात ती बुजवली गेली नाही, हा दोष आहे. तक्रार, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा यांत पावसाळा निघून जातो, आणि तेवढ्यात बी रुजतं. खारेपाटातल्या प्रत्येक गावाला बांबू, पेंढा आणि मजुरीचे पैसे आधीच हाताशी हवेत, म्हणजे खांड दिसल्यावर पहिल्याच भांगाला काम सुरू करता येईल.